सायलेन्सर : हौस, हिशेब आणि शेजार

महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत गेल्या काही वर्षांत एक दृश्य वारंवार पाहावयास मिळू लागले आहे. वाहतूक पोलिसांनी मोटारसायकलींवरून उतरवून घेतलेले सायलेन्सर भर रस्त्यावर ओळीने मांडले जातात, त्यांच्यावरून रोडरोलर फिरविला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. रात्री-अपरात्री बुलेटच्या फटाक्यांनी दचकून जागे झालेल्या नागरिकांना या दृश्याने समाधान वाटते, यात नवल नाही. परंतु चपट्या झालेल्या त्या प्रत्येक नळकांड्यामागे कोणा तरुणाने घेतलेला एक निर्णय असतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यासाठी त्याने पैसे साठविलेले असतात, मित्रांचा सल्ला घेतलेला असतो, दुकानाच्या फळीवर मांडलेल्या चार नमुन्यांतून एक निवडलेला असतो. हा निर्णय तो कशाच्या आधारावर घेतो, त्या आधारांत तथ्य किती आणि भ्रम किती, याची चर्चा रोडरोलर करू शकत नाही. ती व्हावयास हवी. कारण रोडरोलरखाली गेलेल्या सायलेन्सरच्या जागी दुसरा आणून बसविण्यास दोन-चार बोल्ट आणि अर्धा तास पुरतो.

हा विषय केवळ श्रीमंतांच्या चैनीचा राहिलेला नाही. मोटारसायकल हे आज कारकुनाचे, शिक्षकाचे, दूधवाल्याचे आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे वाहन आहे. ती पुष्कळदा हप्त्यांवर घेतलेली असते आणि घरातील अनेक गरजा मागे सारून घेतलेली असते. अशी गाडी दारात आली, की तिच्यात काही आपले म्हणून असावे, ही इच्छा स्वाभाविक होय. रंग कंपनीने दिलेला, आकार कंपनीने दिलेला. बदलता येण्याजोगी आणि बदलली तर चार लोकांच्या लक्षात येण्याजोगी वस्तू म्हणजे सायलेन्सर. मित्र सांगतात, ‘पिकअप वाढेल’. दुकानदार सांगतो, ‘इंजिन मोकळे होईल’. कोणी सांगतो, ‘आवाज मोठा असला की ट्रकवाले बाजू देतात’. शक्ती, इंजिनाचे आरोग्य आणि सुरक्षितता या तीन गोष्टी पदरात पडणार असतील, तर खर्च अनाठायी म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की त्या खरोखर पदरात पडतात काय?

गप्प करणारे यंत्र

मराठीने या वाहनाला ‘फटफटी’ हे नाव दिले ते त्याच्या आवाजावरूनच. त्या आवाजाला आवर घालणाऱ्या नळकांड्याचे ‘सायलेन्सर’ हे नाव मात्र इंग्रजीतून जसेच्या तसे आले. त्याचा अर्थ गप्प करणारा. अमेरिकेतील हायरम पर्सी मॅक्सिम या अभियंत्याने १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज दडपणाऱ्या साधनाचे पेटंट मिळविले आणि पुढे त्याच्याच कंपनीने इंजिनांसाठीही तशी साधने बनविली. यातील संबंध वरवरचा नाही. बंदुकीच्या नळीतून बाहेर पडणारा वायू आणि इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू यांचा गोंगाट एकाच कारणाने होतो. दोन्हीकडे दाबाखाली कोंडलेला उष्ण वायू एकाएकी मोकळा होतो.

चार फेरांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक दोन फेऱ्यांत एकदा इंधनाचा भडका उडतो. जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप उघडते तेव्हा सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच अधिक असतो. त्यामुळे नळीतून दाबाचा एक ठोसा वेगाने पुढे जातो. ३५० घनसेंटिमीटरच्या एक सिलिंडरी इंजिनाच्या गाडीने जागेवर उभे असताना मिनिटाला सुमारे १,००० फेरे घेतले, तर असे ५०० ठोसे, म्हणजे सेकंदाला आठ-नऊ ठोसे पडतात. एवढ्या सावकाश पडणारे ठोके माणसाच्या कानाला सुटे सुटे ऐकू येतात. बुलेटच्या ज्या ‘धक्-धक्’ तालावर लोक लुब्ध असतात, त्याचे रहस्य एवढेच आहे. चार सिलिंडरांची गाडी मिनिटाला १०,००० फेरे घेते, तेव्हा सेकंदाला तीनशेहून अधिक ठोसे पडतात आणि कान ते एकत्र करून एक उंच सूर ऐकतो.

सायलेन्सरच्या पोटात पत्र्याचे पडदे, भोके पाडलेल्या नळ्या आणि कमीअधिक रुंदीच्या कोठड्या असतात. दाबाची लाट एका कोठडीतून दुसरीत जाताना पसरते, पडद्यांवर आदळून परतते आणि आपल्याच मागून येणाऱ्या लाटेशी झुंजून क्षीण होते. काही सायलेन्सरांत काचतंतूंचे वेष्टण असते. ते ध्वनीची ऊर्जा शोषून तिची उष्णता करते. आतील हीच नळी गॅरेजच्या भाषेत ‘पुंगळी’ होय. ‘पुंगळी काढणे’ म्हणजे या रचनेचा गाभाच उपटून टाकणे. राहते ते एक पोकळ नळकांडे. त्याला सायलेन्सर म्हणणे हा शब्दाचा उपहास होय.

शक्तीचा हिशेब

आता शक्तीचे पाहू. नळी जितकी मोकळी तितके इंजिन जोरदार, ही समजूत सार्वत्रिक आहे. याच्या नेमकी उलट समजूतही गॅरेजमध्ये ऐकू येते, ती म्हणजे इंजिनाला मागून थोडा दाब, ‘बॅकप्रेशर’, लागतोच. दोन्हींत अर्धे सत्य आहे. दाबाची लाट नळीच्या मोकळ्या टोकाशी पोहोचली म्हणजे तिचे परावर्तन होते आणि कमी दाबाची लाट इंजिनाकडे परत येते. ही परतीची लाट नेमक्या क्षणी झडपेशी पोहोचली, तर उरलासुरला जळका वायू ती ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. ती अवेळी पोहोचली, तर काम बिघडते. म्हणजे इंजिनाला अडथळा लागत नाही. त्याला वेळ साधणारी लाट लागते. लाटेची वेळ नळीच्या लांबी-रुंदीवर आणि इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. एका गतीला साधलेली वेळ दुसऱ्या गतीला चुकते.

कारखान्यातील अभियंते जी नळी बसवितात ती अनेक मागण्यांमधील तडजोड असते. आवाज मर्यादेत हवा, धूर मर्यादेत हवा, किंमत आणि वजन आटोक्यात हवे आणि गर्दीच्या रस्त्यात कमी वेगालाही गाडीने ओढ घेतली पाहिजे. बाहेरचा चांगल्या प्रतीचा सायलेन्सर यांपैकी काही मागण्या बाजूला ठेवतो. त्यामुळे तो वजनाने काही किलो हलका असू शकतो आणि इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत एखाद-दुसऱ्या अश्वशक्तीची भर घालू शकतो. शर्यतीच्या धावपट्टीवर या लाभाला मोल आहे. परंतु सुमारे वीस अश्वशक्तीची आणि दोनशे किलोच्या घरातील गाडी घेऊन लक्ष्मी रस्त्यावरून किंवा सीताबर्डीवरून कचेरीला जाणाऱ्या माणसाच्या इंजिनाचे फेरे त्या उंचीला क्वचितच पोहोचतात. तेथे लागते ती खालच्या फेऱ्यांतील ओढ, आणि पुंगळी काढलेल्या नळकांड्याने तीच पुष्कळदा घटते. गाडी अधिक वेगाने धावत असल्याचा भास होतो, कारण आवाज वाढलेला असतो. कानाने मोजलेली शक्ती आणि यंत्राने मोजलेली शक्ती यांत अंतर पडते ते येथे.

ही आख्यायिका अगदीच निराधार मात्र नाही. तिचे मूळ बरेचसे दोन फेरांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनांच्या काळात सापडते. त्या इंजिनांत झडपा नसतात. दट्ट्याच्या सरकण्याने भोके उघडतात आणि मिटतात. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग जळक्या वायूबरोबरच बाहेर निसटतो. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ येथील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने १९५० नंतरच्या दशकात फुगीर पोटाच्या आणि निमुळत्या टोकाच्या नळीचा शास्त्रशुद्ध उपयोग केला. निसटलेले मिश्रण परतीच्या लाटेने पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलले जाऊ लागले. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती मिळू लागली होती. त्याच वर्षी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला आणि ही विद्या जपानमधील सुझुकीकडे गेली. १९६२ मध्ये सुझुकीने ५० घनसेंटिमीटर गटातील जागतिक विजेतेपद मिळविले. जेथे एका नळीसाठी असे राजकीय नाट्य घडते, तेथे नळी हा इंजिनाचाच अवयव असतो, हे उघड आहे. भारतात १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० आणि १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० या गाड्यांच्या चाहत्यांनी नळ्या बदलून फरक अनुभवला असेल, तर तो सर्वस्वी भास म्हणता येणार नाही. परंतु त्या गाड्यांचे उत्पादन कधीच थांबले. त्यांच्याविषयीची दंतकथा तेवढी फोर-स्ट्रोक गाड्यांच्या पिढीला वारसाहक्काने मिळाली.

आजच्या गाडीचा प्रश्न तर आणखी निराळा आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ या मानकांनंतर मोटारसायकलीची धुराची नळी हे एक छोटे रसायनयंत्र झाले आहे. तिच्यातील उत्प्रेरक कोठडीत प्लॅटिनमच्या कुळातील मौल्यवान धातूंचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तेथे कमी घातक वायूंत रूपांतर होते. नळीत बसविलेला प्राणवायूमापक क्षणोक्षणी मोजमाप घेतो आणि त्यानुसार इंधनाचे प्रमाण ठरते. केवळ मागचे नळकांडे बदलले, तर काही गाड्यांत ही व्यवस्था शाबूत राहते. इंजिनापासूनची संपूर्ण नळी बदलली, की बहुधा उत्प्रेरक कोठडीही जाते आणि इंधनाचा हिशेब चुकू लागतो. ज्या ‘फटाक्यां’चे एवढे कौतुक होते, ते म्हणजे सिलिंडरमध्ये न जळता तापलेल्या नळीत जाऊन पेटलेले पेट्रोल होय. महिनाअखेरीस पेट्रोलचा हिशेब करणाऱ्या घरातील मुलाने ते रस्त्यावर फोडावे, यापरता विरोधाभास कोणता?

मोठ्या आवाजाची सुरक्षितता

आवाज मोठा असला म्हणजे अपघात टळतात, हा युक्तिवाद जगभर केला जातो आणि तो सहज फेटाळून लावण्यासारखाही नाही. मोटारसायकलस्वार दिसत नाही म्हणूनच पुष्कळदा मारला जातो, हे सत्य आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिसच्या परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन तपासणी झाली आणि तिचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. समोरच्या वाहनचालकाला मोटारसायकल दिसलीच नाही किंवा उशिरा दिसली, हे मोटारींबरोबरच्या अपघातांचे प्रमुख कारण त्यात आढळले. परंतु त्याच अभ्यासातून दिसले, की धोका बहुतांशी स्वाराच्या पुढच्या बाजूने येतो आणि तो टाळण्यास जेमतेम दोन सेकंद मिळतात. सायलेन्सरचे तोंड मागे असते. ज्याला सावध करावयाचे तो पुढे, काचा बंद करून बसलेला. आणि ज्यांच्या कानात गोंगाट ओतला जातो ते मागून येणारे, पदपथावरचे आणि खिडकीतले.

त्यातही सर्वांत जवळ असतो तो खुद्द स्वारच. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांहून अधिक ऐकू नये आणि पुढे दर तीन डेसिबलांना ही मुदत निम्मी करावी, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. या हिशेबाने १०० डेसिबलला मुदत उरते ती पंधरा मिनिटांची. सुरक्षिततेसाठीच पैसे खर्च करावयाचे, तर चांगले शिरस्त्राण, न झिजलेले टायर, नीट चालणारे ब्रेक आणि अंधारात चमकणारा कपडा यांवर ते करावेत. या वस्तू ऐकू येत नाहीत, म्हणूनच बहुधा त्यांना गॅरेजमध्ये फारसे प्रेक्षक मिळत नाहीत.

कायदा काय म्हणतो

कायद्याची भूमिका पुरेशी स्पष्ट आहे. आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक मोटारवाहनाला असला पाहिजे, असे केंद्रीय मोटारवाहन नियमावली, १९८९ मधील नियम १२० सांगतो. २००५ पासून नव्या दुचाकींना लागू झालेल्या मर्यादांनुसार ८० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला ७५, त्यापुढे १७५ पर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८० डेसिबल एवढाच आवाज करण्याची मुभा मिळाली; हे मोजमाप गाडी वेग घेत असताना साडेसात मीटरांवरून केले जाते. मोटारवाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ अधोरेखित केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज व धूर यांच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवान्याची अपात्रता अशी शिक्षा होऊ शकते. चौकात घेतले जाणारे तडजोड शुल्क राज्य सरकार ठरविते आणि ते याहून कमी असू शकते. पण परवान्यावरील डाग आणि उत्पादकाच्या हमीविषयीचा वाद यांची किंमत पावतीवर लिहिलेली नसते.

खिडकीच्या आतला माणूस

इथवरचा हिशेब स्वाराच्या स्वतःच्या लाभहानीचा झाला. तो तोट्याचा ठरला तरी ‘पैसा माझा, गाडी माझी’ असे म्हणण्याचा हक्क त्याला राहिला असता. पण मोटारसायकलीच्या सर्व भागांत आवाज हा असा एकच भाग आहे, की जो मालकाजवळ राहत नाही. रंग आवडला नाही तर शेजाऱ्याला मान वळविता येते. कान मिटता येत नाहीत.

डेसिबलचे गणित या बाबतीत फसवे आहे. ८० वरून १०० म्हणजे पाव हिश्शाने वाढ, असे वाटते. प्रत्यक्षात दर दहा डेसिबलांना ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणजे ही वाढ शंभरपट असते, आणि कानाला तो आवाज सुमारे चौपट मोठा वाटतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलांनी उतरतो. साडेसात मीटरांवर १०० डेसिबल करणारी गाडी १५ मीटरांवर ९४, ३० वर ८८, ६० वर ८२ आणि १२० मीटरांवरही ७६ डेसिबलांच्या आसपास ऐकू येते. दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेल्या पेठेतल्या बोळात तो एवढाही उतरत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. ही मर्यादा सरासरीची असते, हे खरे. परंतु झोप सरासरीने मोडत नाही; ती एका दणक्याने मोडते. आवाज बदललेली एकच दुचाकी रात्री पॅरिस शहर ओलांडून गेली तर दहा हजार माणसांना जागे करू शकते, असा अंदाज तेथील ध्वनिमापन करणाऱ्या ‘ब्रुइपारिफ’ या संस्थेने वर्तविला आहे. पॅरिसहूनही दाट वस्तीच्या मुंबईत हा आकडा कोठवर जाईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

जागे होणारी ही माणसे आकड्यांत दिसत नाहीत. त्यांत रात्रपाळी करून सकाळी झोपलेला कामगार असतो, तापाने फणफणलेले मूल असते, हृदयविकाराचा रुग्ण असतो आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेला, त्या स्वाराच्याच वयाचा विद्यार्थी असतो. २००५ मध्ये ध्वनिप्रदूषणावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले, की ऐकण्याची इच्छा नसलेल्यांना जबरीने ऐकविण्याचा हक्क कोणालाही नाही. २०२१ च्या जुलैमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तर बदललेल्या सायलेन्सरांच्या उपद्रवाची स्वतः होऊन दखल घेतली.

तरुणांचा प्रतिप्रश्न

यावर तरुणांचा एक प्रतिप्रश्न असतो आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मिरवणुकांतील ध्वनिवर्धकांच्या भिंती, लग्नाच्या वरातीतील फटाके, पुढाऱ्यांच्या ताफ्यांचे भोंगे आणि सिग्नल हिरवा होण्याआधीच वाजणारे सहस्रावधी हॉर्न जो समाज मुकाट्याने सहन करतो, त्याला नेमकी बुलेटच तेवढी कशी खुपते? या प्रश्नात तथ्य आहे. समर्थांच्या गोंगाटाकडे कानाडोळा करून वीस वर्षांच्या मुलाच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरविणारी व्यवस्था त्याच्या मनात कायद्याविषयी आदर निर्माण करू शकत नाही. तथापि या युक्तिवादाचे फलित काय, हेही पाहिले पाहिजे. इतर ओरडतात म्हणून आपणही ओरडावे, हा न्याय मान्य केला, तर शेवटी ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याचेच राज्य येते. आणि त्या स्पर्धेत हप्त्यावर गाडी घेणारा तरुण कधीच जिंकणार नाही.

मोठ्या आवाजाच्या या ओढीमागे केवळ उद्दामपणा असतो, असे मानणेही उथळपणाचे ठरेल. गर्दीत आपले अस्तित्व कोणाच्या तरी ध्यानात यावे, ही भूक मानवी आहे. हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकन कंपनीने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजावरच व्यापारचिन्हाचा हक्क मागितला होता आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हरकतींनंतर २००० मध्ये तो अर्ज सोडून दिला. जेथे कारखानदारच आवाजाला ओळख म्हणून विकतात, तेथे ग्राहकाने तो विकत घ्यावा, यात त्याचा एकट्याचा दोष कसा? त्याला एवढेच दाखवून दिले पाहिजे, की मागे वळून पाहणाऱ्या माथ्यांपैकी फारच थोडी कौतुकाने वळतात.

दुकानाच्या फळीवरील जबाबदारी

शासनाच्या धोरणातील उणीवही येथेच आहे. कारवाईचा रोख प्रामुख्याने रस्त्यावरच्या स्वारावर राहतो. नळकांडे बनविणारा आणि विकणारा त्यामानाने निर्धास्त असतो. वेष्टनावर ‘केवळ शर्यतीच्या उपयोगासाठी’ एवढे बारीक अक्षरांत छापले, की त्याचे कर्तव्य संपते, मग शर्यतीची धावपट्टी त्या गावापासून कितीही दूर असो. ब्रिटनने १९८७ मध्येच मोटारसायकलींच्या गोंगाटाविषयी स्वतंत्र कायदा करून, ठरावीक मानकात न बसणाऱ्या सायलेन्सरच्या विक्रीलाच हात घातला. मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनविलेल्या सायलेन्सरांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत वेगळे तांत्रिक नियम आहेत आणि त्यांनुसार तपासलेल्या मालावर मान्यतेची खूण उमटविलेली असते. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताने जून २०२० मध्ये काही डोंगरी रस्त्यांवर ९५ डेसिबलांहून अधिक आवाजाची नोंद असलेल्या मोटारसायकलींना उन्हाळ्यापुरती बंदीच केली. तात्पर्य, बदलाची हौस आणि लोकांची शांतता यांची सांगड घालण्याचे मार्ग आहेत. प्रत्येक दुकानात तपासलेला, खूण असलेला माल ठळकपणे मिळू लागला आणि खूण नसलेला विकणाऱ्याला शासन झाले, तर रोडरोलरचे प्रयोग करण्याची पाळी कमी येईल.

तोवर निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा आहे. सायलेन्सर बदलूच नये, असे नाही. पत्रा गंजून भोक पडले असेल, पडदे सुटून खडखडत असतील, तर तो अवश्य बदलावा. मात्र त्याच प्रतिमानाचा, उत्प्रेरक कोठडीसह, बदलावा. गाडी केवळ धावपट्टीवर पळवावयाची असेल, तर तेथील नियमांना धरून हवा तो बसवावा. पिकअप मंदावल्याची तक्रार असेल, तर आधी हवेची गाळणी, साखळीचा ताण, स्पार्क प्लग आणि टायरमधील हवा तपासून घ्यावी. या चार गोष्टी नीट केल्याने पुष्कळ गाड्यांना गमावलेली ओढ परत मिळते आणि खर्च नळकांड्याच्या किमतीचा एक लहानसा अंश येतो. एवढे करूनही नवा सायलेन्सर घ्यावासा वाटलाच, तर त्याचा आवाज मूळ मर्यादेत राहतो काय आणि तसे लेखी देण्यास दुकानदार तयार आहे काय, हे दोन प्रश्न त्याला विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पहिल्याचेही उत्तर बहुधा मिळेल.

रस्ता हा सर्वांच्या पैशाने बांधलेला असतो आणि त्याच्या कडेची शांतता कोणीच वेगळी विकत घेतलेली नसते. ती परस्परांच्या संयमातून निर्माण झालेली सामाईक मिळकत आहे. मोटारसायकलीच्या मालकाला त्या मिळकतीत इतरांइतकाच वाटा आहे. आज तो स्वार आहे. उद्या त्याच रस्त्यावरच्या एखाद्या घरात तो आजारी आईच्या उशाशी बसलेला असेल. गॅरेजमध्ये पैसे मोजण्यापूर्वी त्याने हा दुसरा माणूस क्षणभर डोळ्यांपुढे आणला, तरी निर्णय पुरेसा सोपा होईल.